शाळेचा जोगवा

माही अन अक्षराची कधी ओळख झाली नाई. शाळेच्या आत मी जवा जवा गेलो, तवा हातात झाडू होता, नाईतं डोक्यावर सरपण. तरी बी आमच्या गावच्या मराठी शाळेले मदत कोणी केली असं कोणी इचारलं, तं जुने लोक माहं नाव पह्यले घेतात, अन नाव घेऊन झालं का हासतात. काऊन हासतात ते मीच सांगून टाकतो. दुसऱ्यानं सांगतलं तं तो वाढवून सांगीन.

आता पोराचा वाढदिवस आला का लोक शाळेत वह्या नेऊन देतात. कोणी पंखा देते, कोणी भितीवर लावायले घड्याळ देते. चांगलं हाये. तवा आमच्याजवळ द्यायले एक मूठ होती. मूठभर जवारी. अन तिचाही म्या कसा इचका केला, ते पाहा.

आमचं गाव वांकिडीच्या बाजूचं. नाला ओलांडला का वांकिडीचा रस्ता लागते. मी वांगे, मिरच्या, वाल लावत होतो, अन बाजाराच्या दिवशी कावड खांद्यावर घेऊन वांकिडीले जाऊन इकत होतो. निजामाच्या राज्यात आमच्या गावात शाळा नव्हती. उर्दूचा मदरसा वांकिडीले, तेथं पाटलाचे अन दुकानदाराचे पोट्टे जात. निजाम गेला, आमचा मुलूख भारतात मिळाला, अन मंग दोन-चार सालानं गावात मराठीचा वर्ग आला. वर्ग म्हणजे मारुतीच्या देवळामागची पडवी, अन राजुऱ्याकडचे एक मास्तर. माही एकुलती पोरगी त्या वर्गात जाऊन बसली. तिच्यासंगं आणखी काई पोट्ट्या. आमच्या खानदानीत कागद उलटा धरला का सुलटा, हे सांगणारं पह्यलं माणूस माही पोरगी.

मंग राज्यं वाटली. ज्याची जे बोली, त्याले ते राज्य. आमची बोली मराठी, पण आमी राह्यलो तेलंगी राज्यात, अन माह्या बायकोचं माहेर राजुऱ्याकडचं, ते गेलं मुंबईवाल्या राज्यात. मी बायकोले म्हटलं, आता तू परदेशातली झाली, भांडण झालं तं तुले सरहद्दीपर्यंतच सोडता येईन. ती म्हणे, तुमाले तं बाप्पा कोणतंच राज्य घ्यायले तयार नाई, म्हून तुमी जेथचे तेथं राह्यले.

हासणं चालू होतं, पण एक दिवस मास्तर चावडीवर आले अन त्याईनं सांगतलं का वरून हुकूम आला. शाळा तपासणारा साहेब गावोगाव फिरून राह्यला. ज्या गावात मराठीचे पोरं बसलेले दिसतीन, तेथचा वर्ग राहीन. पडवी खाली दिसली का वर्ग बंद, मास्तरची बदली. मंग ज्याले शिकायचं त्यानं नाला ओलांडून वांकिडीले जावं, अन तेलगूत शिकावं.

पोट्टे गेले असते नाला ओलांडून. पोट्ट्या कोण धाडते? पावसाळ्यात तं नाला आमाले बी धाडत नव्हता. माही पोरगी घरी बसली असती, अन घरी बसून तिच्या बापासारखी झाली असती. याचंच माह्या बायकोले भेव होतं. मले बी होतं, पण मी बोलून दाखवलं नाई. जोकर माणसानं भेव दाखवलं का लोकायले ते बी सोंगच वाटते.

अन पडवी खालीच होती. दिवस कापूस येचायचे. लेकरं मायसंगं वावरात. वावरात दुपारी भाकर भेटे, शाळेत काय भेटे? वरतून पाट्या नाई. बाप लोक म्हणत, पाटी नाई तं पोरगं काय तेथं हात हालवत बसन? पाटी इकत घ्यायले पैसा कोणाजवळ नव्हता, अन ज्याच्याजवळ होता त्याले लेकरू नव्हतं.

मास्तरनंच मंग मुठीचं काढलं. त्याईनं सांगतलं का बाई पहाटे जात्यावर बसते, तवा सुपातली एक मूठ जवारी बाजूच्या गाडग्यात टाकायची. घराले ते मूठ समजत नाई. भाकर काई लहान होत नाई. आठवड्याभरानं गाडगे गोळा करायचे, वांकिडीच्या बाजारात धान्य इकायचं, अन त्याच्या पाट्या आणायच्या. पाटलाले पटलं. साऱ्यायले पटलं. आता गोळा कोणी करावं? बाजाराले दर आठवड्याले कोण जाते? मी. पाटील म्हणे, याच्या हाती द्यावं का? तं कोणीतरी म्हणे, द्या, याच्या घरी तं उंदीर बी उपाशी हाये, चोरून नेलं तं बायको लगेच ओळखीन का धान्य कोठून आलं. असा माहा सत्कार झाला अन काम माह्या गळ्यात पडलं.

पह्यल्या खेपेले मी थैली घेऊन सरळ माणसासारखा गेलो. तेच चुकलं. ह्या घरची बाई म्हणे, इसरली व माय, उद्या या. त्या घरची म्हणे, गाडगं फुटलं. तिसरीनं तं मलेच इचारलं का तुमच्या घरची मूठ कोठं हाये, दाखवा. मी माह्या घरी इचारायलेच इसरलो होतो. थैली रिकामी घेऊन आलो तं बायको म्हणे, काय आणलं? म्हटलं, वारा. ती म्हणे, मंग हा वाराच इका बाजारात, अन पोरीले पाटी आणा.

तवा माह्या डोक्यात ते आलं. माही माय माहूरच्या देवीची भक्त होती. दर मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मांगत होती. ती गेली, तं परडी घरात खुंटीले लटकून होती. जोगवा मांगणाऱ्याले आमच्याकडे कोणी रिकामं धाडत नाई. घरात काईच नसलं तं बाई शेजारणीकडून चिमूटभर पीठ आणते, पण परडीत घालते. मंगळवार आला, मी परडी काढली, मायचंच जुनं लुगडं होतं त्याचा पदर डोक्यावरून घेतला, कपायले हे एवढं कुंकू लावलं, अन पह्यल्या दारात उभा राह्यलो. म्हटलं, शाळामायचा जोगवा वाढा व माय.

त्या बाईनं माह्या मिशा पाह्यल्या, पदर पाह्यला, अन ती उंबऱ्यावरच हासत बसली. हासत हासत आत गेली अन मूठ नाई, ओंजळ घेऊन आली. दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात तं शेजारच्या बायाच मले पाहाले जमल्या. पाच घरं झाले, मी थांबलो नाई, सारं गाव फिरलो. जवारी आली, तूर आली, मूग, बरबटी, हरभरा, एका म्हातारीनं तीळ देले. जोगव्यात काय येते ते इचारत नसतात, अन येगळं येगळं बांधत बी नसतात. साऱ्याची एकच परडी. परडी भरली का पोत्यात रिती करायची, का पुढच्या दारी. मास्तर देवळाजवळ उभे होते. त्याईनं मले तसं पाह्यलं अन उपरण्यात तोंड खुपसलं.

दोन मंगळवारात पोतं तोंडाशी आलं. मी गावभर मिरवलो. पाटलाले म्हटलं, अकलेचं काम हाये, जोर लावून होत नाई.

बाजाराच्या दिवशी पोतं पाटलाच्या बंडीवर टाकलं, बंडी चावडीपुढे उभी होती. तेथं देवीची म्हातारी आली. आमच्या गावात एक म्हातारी होती, दर साली माहूरले पायी जाणारी, केस मोकळे, कपाय कुंकवानं भरलेलं. माह्या मायसंगं जोगवा मांगायची. तिनं पोत्यावर हात ठेवला अन इचारलं का हे काय. म्हटलं, शाळेची मूठ. बाजारात नेतो.

ती म्हणे, "मूठ का जोगवा?"

मी हासलो. ती हासली नाई. तिनं सांगतलं का जोगवा मांगून आणलेलं धान्य इकत नसतात. ते शिजवतात अन साऱ्यायनं मिळून खातात. देवीच्या नावानं झोळी पसरली अन बाजारात तराजूवर टाकली, असं कोण्या गावात झालं नाई. चावडीजवळच्या बाया बी गोळा झाल्या. त्या साली आसपासच्या गावात देवी निघाल्या होत्या, लेकरायच्या आंगावर फोड. सारे आधीच भेलेले. एकीनं म्हटलं का माही मूठ वापस द्या. दुसरी म्हणे, वापस बी घेता येत नाई, जोगवा हाये. म्या हात जोडले, सांगतलं का मी गंमत केली होती.

म्हातारी म्हणे, "तू गंमत केली असशीन. बायाईनं देताना गंमत नाई केली."

म्या पोत्याची गाठ उगीच सोडली अन पुन्हा बांधली.

पाटलानं बैल सोडले. पोतं बंडीवरून उतरलं अन माह्या घरी आलं, कारण दुसऱ्या कोण्या घरी कोणी ठेवायले तयार नव्हतं. मास्तर काई रागावले नाई. रागावले असते तं बरं झालं असतं. ते देवळाच्या पायरीवर बसले अन म्हणे, साहेब पुढच्या आठवड्यात येऊन राह्यला. एवढंच. बायकोनं दोन दिवस माह्याशी बोलणं बंद केलं. भाकर माह्यापुढे ठेवे अन तोंड भितीकडे करे. पोरीजवळ एक फुटकी पाटी होती, ते ती रोज पुसून उतरंडीच्या मागं ठेवून दे. तिनं मले काई इचारलं नाई. मायनं तिले सांगून ठेवलं होतं का बाबाले इचारू नोको, ते आणखी काईतरी करतीन.

दोन दिवसानं बायको पोत्याकडे पाहून बोलली. माह्याकडे नाई, पोत्याकडे.

म्हणे, "इकता येत नाई, तं शिजवता येते ना? लेकरायले शाळेतच खाऊ घाला."

मी लगेच म्हातारीकडे गेलो. म्हातारी म्हणे, जोगव्याचं तेच करत असतात, एवढे दिवस तू काय झोपला होता का?

तं असं झालं. पडवीच्या बाजूले तीन दगडाची चूल मांडली. कुंभारानं मोठं मडकं देलं. म्हणे, पैसे नोको, फुटलं तं मातर मले सांगू नोका. तेल्यानं मीठ देलं, काऊन का तेल देणं त्याच्या जिवावर येत होतं. मिरच्या माह्या वावरातल्या. पह्यल्या दिवशी घुगऱ्या शिजवल्या म्याच. जवारी, तूर, हरभरा, मूग, सारं एकदम टाकलं. मुगाचं पाणी झालं, जवारी दाताले कडकड वाजे, अन हरभऱ्याचं तं काई इचारू नोका. लेकरायनं येऊन पाह्यलं अन ते परत वावरात पळाले. एक पोट्टा मले म्हणे, काका, गोट्या खेळायले दे ना यातले. दुसऱ्या दिवसापासून बायाईनं मले चुलीपासून हाकललं. त्याईनं धान्य पसरलं, चाळून, पाखडून जितकं येगळं होते तितकं केलं, जे उशिरा शिजते ते रात्री भिजत टाकलं. घुगऱ्या अशा झाल्या का वास नाल्यापलीकडे गेला.

वास गेला, लेकरं आले. पह्यले दूरच उभे राह्यले, हातावर कापसाचे काटे लागलेले, कंबरेभोवती कापूस येचायचं खोंगाड, म्हणजे झोळी, बांधलेलं. मास्तर हुशार माणूस. त्याईनं सांगतलं का घुगऱ्या दुपारी भेटतीन, पण सकाळपासून बसन त्यालेच. मायायचं बी काम झालं, दुपारची एक भाकर वाचली. एकीनं दुसरीले सांगतलं. पडवीत बसायले जागा राह्यली नाई.

पाट्या नव्हत्याच. मास्तरनं नाल्यातली बारीक रेती आणून लेकराच्या पुढ्यात पसरली, अन त्या रेतीवर बोटानं अक्षर काढायले शिकवलं. चुकलं का हातानं पुसायचं. बुरडानं बसायले दोन चटया देल्या. न्हाव्यानं साऱ्या पोट्ट्यायचे केस फुकट कापले, म्हणे साहेब येऊन राह्यला, गावाचं नाक जाईन. त्याच्या वस्तऱ्यानं दोघाचे कान गेले असते, पण इच्छा चांगली होती. सुतारानं जुन्या बंडीच्या फळ्या जोडून मोठा फळा करून देला.

आता फळा काळा पाह्यजे. मास्तर म्हणे, काजळ लावू. म्या म्हटलं, काजळ पुसलं जाते. आमच्या रानात बिब्बे पडले हायेत, बिब्ब्याचा डाग जलम जात नाई. धोबी त्यानं कपड्यावर खुणा करते, का नाई? मास्तरले पटलं, अन मले माह्याच अकलेचं कौतुक वाटलं.

बिब्ब्याचं तेल काढायचं असते सुईले एकच बिब्बा टोचून, दिव्यावर, तोंड बाजूले करून. हे आमच्याकडच्या लेकराले बी ठाऊक हाये. म्या बिब्ब्यायचा ढीग इस्तवावर टाकला, अन धूर झाला म्हून फुंकत बसलो. वरतून, निघालं ते तेल दोन्ही हातानं फळ्याले चोळलं, त्यात काजळ घातलं. फळा असा काळा झाला का रात्र बी लाजन. मी घामेजलो होतो, म्हून हात तोंडावरून फिरवला.

बिब्बा उतला. सकाळी डोळे उघडत नव्हते. तोंड भोपळ्यासारखं, ओठ उलटे, कपायभर पाण्यानं भरलेले फोड. पोरीनं मले पाह्यलं अन ती मायच्या मागं लपली. बायकोनं तीळ-खोबरं वाटून माह्या तोंडाले थापलं, अन ती एकच बोलली. म्हणे, "तुमी आज घराबाहेर पडू नोका. मी तुमच्या पाया पडतो, पण पडू नोका."

कारण साहेब त्याच दिवशी येऊन राह्यला होता.

मी बसलो. दार लावून बसलो. पण पडवीत माही पोरगी बसून होती, अन नाल्याकडून जीपचा आवाज आला. माह्यानं राहवलं नाई. म्हटलं, देवळाच्या कोपऱ्यावरून एक डोळा लावून पाहू. तसा बी माहा एकच डोळा उघडत होता. मी कोपऱ्यावर गेलो, अन साहेब तेवढ्यातच जीप नाल्यावर सोडून, पायी, त्याच कोपऱ्यावरून आला. साऱ्या गावात साहेबाले पह्यलं माणूस भेटलं ते मी.

साहेब जागच्या जागी थांबला. संगं त्याचा चपराशी होता, तेलगू माणूस, त्यानं रुमाल नाकाले लावला. साहेबानं मले पाह्यलं. मंग माह्या मागे पाह्यलं. मागे देवीची म्हातारी, कपायभर कुंकू, पुढ्यात परडी, मडक्याले तिनं दृष्ट लागू नये म्हून लिंबाचा पाला बांधला होता. तोंडभर फोडायचा माणूस, लिंबाचा पाला, अन देवीची बाई. कोणी बी काय समजन?

साहेब म्हणे, "गाँव में माता निकली है?"

मले हिंदी बोलता येत होतं, पण ओठ उलटे झालेले. म्या सांगतलं, बिब्बा. ते माह्या तोंडातून काईतरी भलतंच निघालं. साहेब मागे सरला. मास्तर धावत आले, तं साहेबानं त्याले दुरूनच सांगतलं का हा मदरसा आत्ताच बंद करा, पोरं आपापल्या घरी धाडा, मी वर रोगाची इतल्ला देतो. अन तो फिरला नाल्याकडे.

माह्या डोक्यात एकच, का हा माणूस जीपमधी बसला का वर्ग गेला. म्हून मी त्याच्या मागं पळालो. आता इचार करा, ज्याले वाटते का देवीचा रोगी हाये, अन तो रोगीच दोन्ही हात पसरून, तीळ-खोबरं गळत, मागं पळून राह्यला. साहेब पोटानं मोठा होता, पण असा पळाला का चपराशी मागं राह्यला. मी हाका मारत होतो का साहेब थांबा, तो आणखी पळे. माह्या मागं मास्तर, मले थांबवायले. मास्तरच्या मागं पाटील. नाल्याजवळच्या गोट्यावर माहा पाय घसरला अन मी पडलो. पडलो तेच गावाचं कल्याण झालं.

तेवढ्यात माही बायको अन देवीची म्हातारी मागून आल्या. दोघीच्या मधी तो फळा. पदरानं धरून आणला, हात लावू नये म्हून. नाल्याच्या काठावर त्याईनं फळा उभा केला, अन बायकोनं पदराच्या गाठीतून दोन बिब्बे काढून चपराश्याच्या पुढ्यात जमिनीवर टाकले. माह्याकडे बोट दाखवलं, फळ्याकडे दाखवलं, बिब्ब्याकडे दाखवलं. तिले हिंदी येत नव्हतं, तेलगू येत नव्हतं.

चपराश्यानं खाली वाकून पाह्यलं. नाकाचा रुमाल काढला. म्हणे, "नल्लजीडी." तेलगूत बिब्ब्याले तेच म्हणतात. अन असा हासाले लागला का त्याले खाली बसावं लागलं. त्यानं साहेबाले तेलगूतून सांगतलं, हातवारे करून, धूर कसा येते, तोंड कसं फुगते. मास्तरनं मंग मले समजावलं का चपराश्याच्या लहानपणी त्याच्या काकाचं बी असंच झालं होतं, लग्नाच्या आदल्या दिवशी. साहेब जीपच्या दारात एक पाय ठेवून उभा होता. त्यानं फळ्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे, अन हळूच पाय खाली घेतला.

मले मातर पडवीजवळ येऊ देलं नाई. चपराश्यानंच सांगतलं, चिंचेखाली बस. तं बाकीचं म्या दुरून पाह्यलं, तेही एका डोळ्यानं. साहेबानं जोडे काढले. आत गेला. काईच आवाज येईना. मंग लेकरायचा एकदम आवाज आला, पाढे म्हणून राह्यले होते. मंग पाढे थांबले. साहेब वाकून रेतीकडे पाहत होता. कोण्या लेकराजवळ उभा हाये, ते मले दिसत नव्हतं. माही पोरगी कोठं बसते, हे म्या आजपर्यंत कधी पाह्यलंच नव्हतं. तेवढ्या वेळात मी एकही गंमत केली नाई. चिंचेखाली दुसरं कोणी नव्हतं, हेही खरं.

मंग म्हातारीनं पळसाच्या पानावर घुगऱ्या नेल्या. मले वाटलं, आता साहेब म्हणन, खाऊ घालून पोरं जमवले, हे खोटं हाये. साहेबानं काईतरी इचारलं, मास्तरनं काईतरी सांगतलं. साहेबानं दोन्ही हातानं पान घेतलं, कपायाले लावलं, अन खाल्लं. मागून समजलं का त्याच्या घरी बी यल्लम्माच्या नावानं अशीच मूठ मांगून आणतात. चपराश्यानं दुसऱ्यांदा मांगून घेतलं.

साहेब गेला. मास्तर चिंचेकडे चालत आले. येताना त्यायचा चालण्याचा ढंगच येगळा, जसं आंगावरचं ओझं कोणी उतरवून घेतलं. माह्या बाजूले मातीत बसले. धोतर खराब होईन म्हून मास्तर कधी मातीत बसत नव्हते.

म्हणे, "राह्यला."

मी म्हटलं, काय राह्यला? माह्या तोंडून पुन्हा भलतंच निघालं.

म्हणे, "वर्ग राह्यला. साहेब म्हणे, पाट्या बी धाडतो."

डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं होतं, ते बिब्ब्याचं समजून मास्तरनं मले बोट लावू देलं नाई. बरं झालं.

संध्याकाळी चावडीवर बैठक झाली. बायाईनं पह्यल्यांदाच चावडीवर येऊन सांगतलं का मूठ चालूच राहीन, जोगवाच राहीन, दर मंगळवारी, अन एकेका घरची बाई शिजवीन. परडी म्हातारीजवळ राहीन. फळ्याले आता दुसरं कोणी काई लावणार नाई. अन माह्यासाठी ठराव झाला का यानं फकत सरपण आणावं, तेही चुलीपासून लांब टाकावं, अन घरी जावं.

पाटलानं मले इचारलं का तुले कबूल हाये का. आयुष्यात मले कोणत्या कामावरून काढलं अन इतकं हलकं वाटलं, असं तवाच झालं. म्या मान हालवली. तोंड हालत नव्हतं.

घरी आलो तं बायको माह्याशी बोलत होती. तीळ-खोबरं पुन्हा वाटून बसली होती. पोरगी जेवून झोपाले गेली होती. सकाळी मी उठलो तवा तिची जागा रिकामी होती. सूर्य वर आला नव्हता. बायको म्हणे, गेली. म्हटलं, इतक्या सकाळी? शाळा तं उघडली बी नसन.

म्हणे, "पुढची जागा धरायची म्हणे. आता गर्दी लय होते."